पटले सरांची ओळख पटेना

चैतराम पटले सर आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी वारले, ही बातमी देवरीत सकाळच्या चहाच्या आत पसरली. खुद्द सरांना ती जरा उशिरा कळली, कारण ते तेव्हा आंघोळ करत होते.

झालं होतं एवढंच की नवप्रभात विद्यालयाचे मुख्याध्यापक भैयाजी कटरे यांनी माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरांचा फोटो टाकला. हेतू शुद्ध होता. फोटोही सत्काराचाच होता. गळ्यात झेंडूचा भरगच्च हार, बाजूला पेटलेली समई आणि मधोमध सरांचा चेहरा. आता या चेहऱ्याबद्दल दोन शब्द बोलणं भाग आहे. देवानं सरांना नाक सरळ दिलं, कपाळ रुंद दिलं, आणि गालांची वेळ आली तेव्हा त्याला कुणीतरी हाक मारली असावी. डोळ्यांखाली जी उतरण लागायची ती थेट जबड्याच्या हाडावर जाऊन थांबायची. वाटेत विसाव्याला काही नव्हतं. पोट मात्र सरांना चांगलं होतं, त्यात कंजुषी नव्हती. पण फोटो छातीपर्यंतच होता.

भैयाजींनी 'आपले लाडके पटले सर' एवढं लिहिलं आणि 'यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा' लिहायच्या आत त्यांचं बोट घसरून संदेश निघून गेला. चष्मा शोधून पुढचं लिहीपर्यंत व्हायचं ते झालं होतं. सरांच्या शेजारचे चुन्नीलालजी, भजन मंडळाचे प्रमुख आणि ग्रुपवर कायम पहिलं उत्तर देणारे गृहस्थ, यांनी हात जोडलेल्या चित्रासह 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली. शेजारीच म्हणतोय म्हटल्यावर पुढच्यांनी कशाला विचारावं? भिलाईहून आली, हैदराबादेहून आली, सैन्यातल्या एकानं लेहहून वाहिली. एकानं लिहिलं, 'सरांनी मला भूमितीत नापास केलं होतं, पण माणूस मोठा होता.'

दारावर थाप पडली तेव्हा सरांच्या खांद्यावर टॉवेल होता. बाहेर चुन्नीलालजींच्या सौभाग्यवती सुशिलाबाई, हातात डबा, डोळ्यांना पदर. मयतीच्या घरी चूल पेटत नाही म्हणून वरण-भात घेऊन आल्या होत्या. सरांना पाहून त्या किंचाळल्या नाहीत, घाबरल्याही नाहीत. फक्त थोड्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "अवो, तुमी तं हाये!"

"म्हंजे?" सर म्हणाले.

"नाई, हाये तं चांगलंच हाये. डबा आनलाच हाये तं खाऊन घ्या."

आणि आपल्याच मयतीचं वरण सरांनी आपल्याच हातानं कालवून खाल्लं. चव चांगली होती, हे सर प्रामाणिकपणे सांगत. तेवढ्यात गावाकडून धाकटा भाऊ उदाराम मोटारसायकलवर धापा टाकत आला. सरांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला आणि मग एकदम भडकला, "जित्ता हायेस तं फोन काऊन नाई उचलत, दादा? धान कापाचं टाकून आलो मी!"

सर्वांनी माफी मागितली. भैयाजींनी तर तीनदा. पण सरांना जे लागलं ते वेगळंच होतं. बातमी ऐकून एकालाही धक्का बसला नव्हता. जो तो हेच म्हणत होता, 'वाटतच होतं.' बसमध्ये म्हाताऱ्या बायका उठून त्यांना जागा देत, लग्नात आचारी 'यायले पातळ वाढा' असं ओरडून सांगे, हे सगळं इतके दिवस सर आदर समजत होते. त्या दिवशी त्यांनी आरशासमोर उभं राहून गाल फुगवले, धरून ठेवले, आणि बायकोला, रुख्माबाईंना, तोंड बंद ठेवूनच विचारलं, "हँ?"

"श्वास घ्या आधी," रुख्माबाई म्हणाल्या.

नागपुरात औषधांच्या दुकानात नोकरी करणारी त्यांची मुलगी रश्मी हिनं मग फोनवर हळूच सुचवलं. बाबा, हल्ली पोटाची चरबी काढून गालात भरतात. आपलीच चरबी, आपलेच गाल, बाहेरचं काही नाही.

गणिताच्या मास्तराला हे एकदम पटलं. एका बाजूला जास्त आहे, दुसऱ्या बाजूला कमी आहे, तर पद इकडून तिकडं न्यायचं. इतकं सोपं समीकरण आजवर कुणाला सुचलं कसं नाही, याचंच त्यांना आश्चर्य वाटलं. रुख्माबाईंचा मात्र विरोध होता. लोकं काय म्हणतील, हा पहिला मुद्दा. यावर सर म्हणाले, "लोकं म्हणाचं ते म्हणून चुकले, रुख्मा. आता काई बाकी नाई रायलं." हा युक्तिवाद बिनतोड होता. दिवाळीच्या सुट्टीत घराला रंग द्यायचा बेत होता तो पुढे गेला, आणि दोघं नागपूरच्या बसमध्ये बसले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या, म्हणून सरांना त्या पहिल्या भेटीतच आवडल्या. त्यांनी सगळं समजावलं. बेंबीजवळ बारीक छेद घ्यायचा, पातळ नळीनं चरबी ओढायची, मशीनमध्ये फिरवून स्वच्छ करायची, आणि मग थेंब थेंब करून गालात बसवायची. सूज येणार, थोडे दिवस चेहरा परका वाटणार. काही चरबी शरीर परत पिऊन टाकणार, उरेल ती टिकणार, किती उरेल ते आपल्या हातात नाही.

"आणि एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या, "पोट वाढलं तर गालही वाढतील. चरबी राहायला कुठंही गेली तरी स्वभावानं पोटाचीच."

रुख्माबाई इतका वेळ गप्प होत्या. आता पुढे सरकून त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "बाई, यायचं पोट कापाच्याऐवजी माह्या कमरेचं नाई जमनार का? माह्यापाशी ढीग हाये."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. दुसऱ्याची चरबी शरीर ठेवून घेत नाही, असं त्यांनी नीट समजावलं. बाहेर आल्यावर सरांनी मनातल्या मनात हिशेब केला. पंचवीस वर्षांच्या संसारात या बाईनं त्यांच्या जेवणाला, चपलांना, भजनातल्या आवाजाला, कशाकशाला नावं ठेवली होती. आणि आज ती स्वतःची कंबर कापून द्यायला निघाली होती. सरांनी तिला बर्डीच्या बाजारात नेऊन संत्र्याचा रस पाजला. जास्त काही सुचलं नाही.

काम व्यवस्थित पार पडलं. अर्धवट गुंगीत सरांनी डॉक्टरीणबाईंना सरासरीचं सूत्र सांगितलं म्हणे. पोटाला पट्टा, गालांवर काही नाही, उताणं झोपायचं आणि चेहऱ्याला कुणी हात लावायचा नाही, एवढ्या सूचना घेऊन दोघं देवरीला परतले.

आणि इथून खरी गोष्ट सुरू होते. कारण सरांनी गावात सांगताना एक छोटीशी थाप मारली होती. दाढेचं ऑपरेशन आहे म्हणाले होते.

सुरुवातीला थाप चपखल बसली. दोन्ही गाल पोळ्याच्या बैलाच्या वशिंडासारखे सुजले होते, डोळे त्यांच्यामागून कसेबसे डोकावत होते. सुशिलाबाई पाहायला आल्या आणि हळहळल्या. नेमके तेव्हाच सर खुर्चीतून उठले, कळ आली, हात पोटाकडे गेला आणि सदरा वर सरकला.

"अवो, दाढ गालात आनि पट्टा पोटाले काऊन?"

सरांनी क्षणभर विचार केला. "मूळ खोल गेलं होतं," ते म्हणाले.

"बाप्पा!" सुशिलाबाईंनी आपल्या गालाला हात लावला. "आमचे दात तं मग पायापर्यंत गेले असतीन."

त्यानंतर उपायांची रांग लागली. चुन्नीलालजींनी लवंग सुचवली. कुणी हळदीचा लेप, कुणी गरम विटेचा शेक. नागझिऱ्याला गाईड असलेल्या एका माजी विद्यार्थ्यानं फोटो पाहून ठाम निदान केलं की हे आग्या मोहोळाचं काम आहे, सर लाजून सांगत नाहीत. सुशिलाबाई तर वाटीत मोहाचं तेल कोमट करून घेऊन आल्या आणि गाल चोळून द्यायला बसल्याच. डॉक्टरीणबाईंची सूचना आठवून सर खुर्चीभोवती पळू लागले. एका हातानं पट्टा धरलेला, दुसऱ्यानं गाल झाकलेला, आणि मागून सुशिलाबाई वाटी घेऊन, "पळू नका जी, सांडते!" शेवटी रुख्माबाई मधे पडल्या. तेल त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांना लावून घेतलं आणि दोन्ही बाजूंचा मान राखला. या वर्दळीनं सर वैतागले, पण मनात कुठंतरी हेही मोजत होते की आपल्या दातासाठी इतकी माणसं उंबरा झिजवतात. खऱ्या दाताला तरी इतकं प्रेम मिळतं का कुणास ठाऊक.

सूज उतरू लागली. निळे डाग पिवळे झाले, पिवळे गेले. आणि एके सकाळी आरशात सरांना एक गृहस्थ दिसला. भरल्या गालांचा, तब्येतीनं बरा, नुकताच साखरझोपेतून उठल्यासारखा. सर त्याच्याकडे पाहून ओशाळं हसले, तोही हसला. चेहरा ओळखीचा होता, पण कुणाचा ते आठवेना. रुख्माबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"अवो, हे तं उदारामभाऊजी!"

खरंच होतं. भावाभावांच्या चेहऱ्यात आजवर फरक होता तो फक्त गालांचा. तो भरून निघाला आणि चैतराम पटले हुबेहूब उदाराम पटले झाले.

शाळा उघडली. सर इस्त्रीचा सदरा घालून गेले. आता शाळेत एक मशीन होतं, त्याची हकिकत अशी. गेल्या वर्षी एका मास्तरानं आपल्या मेहुण्याला वर्गावर उभं करून स्वतः धान कापायला जाण्याची युक्ती काढली होती. ती पकडली गेल्यापासून संस्थेचे सचिव हेमेंद्रभाऊ यांनी दाराशी चेहरा ओळखणारं हजेरीचं मशीन बसवलं होतं. तोंड दाखवायचं, हिरवा दिवा लागायचा, की तुम्ही हजर. सरांनी तोंड दाखवलं. मशीनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "पहचान नहीं हुई. कृपया पुनः प्रयास करें."

सरांनी चष्मा काढला. लावला. मान तिरपी केली. गाल आत ओढून धरले, पण नवे गाल आत जाईनात. मागे मास्तरांची रांग लागली. शाळेचा शिपाई झाडू उईके यानं आपल्या गमछ्यानं मशीनची काच पुसली, मग विचार करून सरांचं तोंडही पुसलं. "पहचान नहीं हुई," बाई म्हणाली.

भैयाजी बाहेर आले. त्यांनी सरांकडे बराच वेळ पाहिलं आणि अतिशय सावधपणे विचारलं, "तुमी... नेमके कोन जी?"

मास्तरानं आयुष्यभर पोरांची हजेरी घ्यावी आणि शेवटी त्याला कुणी असं विचारावं! सर वर्गावर गेले, शिकवलं, घसा कोरडा केला. कागदोपत्री ते गैरहजर होते. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आणि गावात मग जी चर्चा निघाली तिला तोड नव्हती. चैतराम सर खरंच वारले. त्या वाढदिवसालाच वारले, घरच्यांनी दाबून ठेवलं. नागपूरला नेलं ते काही दाढेसाठी नव्हे. आणि आता नोकरी जाऊ नये म्हणून धाकट्या भावाला सदरा घालून वर्गावर उभं करून राहिले. चुन्नीलालजी दुखावलेल्या आवाजात म्हणत फिरू लागले, "माही श्रद्धांजली खोटी नव्हती."

हेमेंद्रभाऊंची राइस मिल होती आणि माणूस वाईट नव्हता. पण ते नियमाला घाबरत. त्यांनी सरांना कार्यालयात बोलावलं. "देखिए पटले सर, मैं आपको पहचानता हूँ. पर मशीन नहीं पहचानती. सिस्टिम में तो आप आए ही नहीं. चौकशी करावी लागेल. आप अपने भाई को भी ले आइए. आणि दोन प्रतिष्ठित नागरिक."

चौकशीच्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत दोन खुर्च्यांवर दोन पटले बसले. दोघांचे गाल सारखे. उदाराम शेतातून तसाच आला होता, पण रुख्माबाईंनी प्रसंग ओळखून त्याला सरांचाच एक सदरा घातला होता आणि ती चूक झाली. हेमेंद्रभाऊंनी इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं आणि रुमालानं कपाळ पुसलं. प्रतिष्ठित नागरिक म्हणून एकटे चुन्नीलालजीच मिळाले होते. सुशिलाबाईंना बोलावलं नव्हतं, त्या आधीच येऊन बसल्या होत्या.

"चुन्नीलालजी, यातले चैतराम सर कोन?" भैयाजींनी विचारलं.

"साहेब," चुन्नीलालजी खाकरले, "मी एकदा लेखी कळवलं हाये की ते गेले. आता हाये म्हणाचं म्हंजे मले आधी ते वापस घ्या लागन."

सरांनी सगळ्यांकडे पाहिलं. रुख्माबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांनी फक्त मान हलवली. सांगून टाका. आणि सर उभे राहिले. त्यांनी सगळं सांगितलं. फोटो, श्रद्धांजली, बसमधली जागा, आरसा, नागपूर, पोट, गाल. खिशातून डॉक्टरीणबाईंचा कागद काढून भैयाजींच्या पुढ्यात ठेवला. भैयाजींनी तो इंग्रजी कागद मोठ्या कष्टानं वाचला आणि मराठीत आणला, "चेहऱ्यावर... चरबीची... कलम."

सरांनी डोळे मिटले. आता हसतील, ते मनात म्हणाले. हसू द्या.

"आंब्याची कलम आयकली होती," उदाराम सावकाश म्हणाला. "लागली का पन, दादा?"

"लागली."

"मंग चांगलं झालं."

चुन्नीलालजींना मात्र एक शंका होती. ती भजन मंडळाच्या दृष्टीनं महत्त्वाची होती. "सर, चरबी बकऱ्याची तं नाई? माळकरी मानसाले..."

"माझीच आहे. स्वतःची."

"मंग हरकत नाई. घरचीच हाये."

"दाढ नव्हती तं!" सुशिलाबाई एकदम म्हणाल्या. त्यांना इतर कशाचंच काही वाटलं नव्हतं. "आनि मी तेल घेऊन मागं धावली! चोळलं असतं तं काय झालं असतं? सांगाचं नाई का जी? आमी का परके हाओत?" आणि बोलता बोलता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. त्या दिवशी सकाळी दारात लावला होता तसाच.

हसलं कुणीच नाही. सरांना हे इतकं अनपेक्षित होतं की ते खाली बसायचं विसरले.

हेमेंद्रभाऊ द्रवले होते, पण नियम नियम होता. "बात समझ में आती है. पर कागज पर चेहरा तो नहीं है न? यह कागज भाई भी जेब में रख सकता है." तेव्हा भैयाजींना त्यांच्या आयुष्यातली एक चांगली कल्पना सुचली. म्हणाले, "नववीच्या वर्गावर पाठवून पाहू. एकेकाला."

आधी उदाराम गेला. नववीचा वर्ग उभा राहिला. बाकी मंडळी खिडकीशी कान लावून. उदारामनं जन्मात एवढी पोरं आपल्याकडे बघताना पाहिली नव्हती. तो घामाघूम झाला, फळ्याकडे पाहिलं, खडूकडे पाहिलं, आणि सुटकेचा एकच मार्ग दिसला तो धरला. "जा रे पोरंहो, आज सुट्टी!"

पोरं जागची हलली नाहीत. मग वर्गप्रमुख खुशी हात वर करून म्हणाली, "हे आमचे सर नाहीत."

"काऊन गं?" उदारामनं विचारलं.

"आमचे सर मरतीन पन सुट्टी देनार नाहीत."

मग सर आत गेले. ते काही ठरवून गेले नव्हते. पण पाय आत पडताच नजर सवयीनं शेवटच्या बाकावर गेली आणि तोंडातून निघालं, "पिंटू, वही कुठं आहे? विसरली म्हणू नको, कालही विसरली होती."

अख्खा वर्ग एका सुरात कण्हला. "हेच हायेत!"

खिडकीबाहेर हेमेंद्रभाऊंनी टाळी वाजवली. त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं की मागच्या सगळ्या दिवसांची हजेरी लागेल आणि नागपूरहून मशीनवाला बोलावून सरांचा चेहरा नव्यानं नोंदवला जाईल. भैयाजींनी डोळे टिपले. उदाराम ओसरीवर पाणी पीत बसला आणि आपल्या हातून सुट्टी गेली म्हणून पोरांना वाईट वाटलं का, हे पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

तास संपल्यावर खुशी टेबलाजवळ आली. "सर, आता बरं वाटते का?"

"मला काही झालंच नव्हतं, बेटा."

"आमाले वाटलं तुमाले मोठी बिमारी हाये. नागपूरले नेलं म्हणून. तुमी येईपर्यंत आमी सुट्टीतबी एकबी काच फोडली नाही."

सरांनी खिडक्यांकडे पाहिलं. खरंच, सगळ्या काचा शाबूत होत्या. नवप्रभात विद्यालयाच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं. सर काहीतरी बोलणार होते, पण जमलं नाही, म्हणून त्यांनी गृहपाठ दिला.

दारात शिपाई झाडू उभा होता. हातात घंटेचा हातोडा, पण घंटा वाजवायची सोडून तो घुटमळत होता. "सर जी, एक सांगाचं होतं. तुमी रागवान नाई तं."

"सांग."

"मी कचारगडच्या देवाले बोललो होतो. तुमी नागपूरले गेले तवा. म्हटलो, आमच्या सरायचे गाल भरून दे, मी नारळ घेऊन येतो." त्यानं मान खाली घातली. "आता तुमी म्हनता डॉक्टरीननं भरले. मंग नारळ न्या लागते का नाई?"

सरांनी गणिताच्या माणसाला शोभेल असा विचार केला. डॉक्टरीणबाईंनी नळी लावली हे खरं. पण भरलेली चरबी टिकेल की नाही, हे काही त्यांच्या हातात नाही, असं त्या स्वतःच म्हणाल्या होत्या. म्हणजे त्यातला काही हिस्सा दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर जातो.

"न्या लागते," सर म्हणाले. "मीही येतो."

माघात कचारगडची जत्रा भरली तेव्हा सर, रुख्माबाई आणि झाडू आमगावहून गाडीत बसले आणि दरेकसाच्या छोट्या स्टेशनावर उतरले. गर्दी दाट होती. पिवळे झेंडे, ढोल, छत्तीसगडहून चालत आलेली माणसं, खांद्यावर झोपलेली लेकरं. डोंगर चढताना सरांना दम लागत होता आणि ते दर वळणावर थांबत होते. गंमत म्हणजे कुणीही त्यांना जागा दिली नाही. उलट एक म्हातारी त्यांचा हात धरून म्हणाली, "बाबू, तू तं जवान हायेस, माही थैली धर." सरांनी ती थैली इतक्या आनंदानं धरली की रुख्माबाईंना हसू आवरेना.

गुहेत गार होतं. झाडूनं नारळ पुढे ठेवला, हात जोडले आणि आपल्या बोलीत काहीतरी पुटपुटला. मग सरांकडे वळून म्हणाला, "तुमीबी बोला जी. आभार मानाचे असते."

सरांनी डोळे मिटले. आधी देवाचं नाव घेतलं, मग डॉक्टरीणबाईंचं. मग रुख्माबाईंच्या कमरेचं, जी कामी आली नाही तरी देऊ केली होती. उदारामचं, सुशिलाबाईंच्या वाटीचं, चुन्नीलालजींचं, भैयाजींच्या घसरलेल्या बोटाचंही. नववीच्या वर्गाचं, काचांसकट. हेमेंद्रभाऊंचं, आणि शेजारी उभ्या असलेल्या या माणसाचं, ज्यानं कुणी सांगितलं नसताना त्यांच्या गालांसाठी देवाशी बोलणी केली होती. ओठ हलत राहिले. मागची रांग कुरकुरू लागली.

"किती नावं हायेत जी?" रुख्माबाईंनी कोपर मारून विचारलं.

"संपत आली," सर म्हणाले. क्षणभर थांबून त्यांनी त्या मशीनचाही विचार केला. केला, आणि सोडून दिला. मन मोठं करायलाही काही मर्यादा असते.